कुस्ती खोटी, आरडाओरडा खरा!

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टी.व्ही.वर डब्ल्यू.डब्ल्यू.ई. लागलं की एक संवाद हमखास ऐकू येतो. एक जण डोळे फाडून बघत असतो आणि दाराशी उभा असलेला दुसरा हसत म्हणतो, "अरे, सगळं खोटं असतं ते! कशाला बघतोस?" पहिल्याकडे याचं धड उत्तर नसतं. तो फक्त आवाज वाढवतो.

प्रश्न मात्र चांगला आहे. लाल मातीतली कुस्ती बघणाऱ्या आपल्या माणसाला तर हे कोडंच वाटतं. कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात प्रेक्षकाला निकाली कुस्ती लागते. दोन पैलवान आधी ठरवून खेळतायत, म्हणजे 'नुरा कुस्ती' चाललीय, असा नुसता संशय आला तरी बोंबाबोंब होते. आणि तिकडे अमेरिकेत हजारो लोक खिशातले पैसे घालून, सगळं ठरलेलं आहे हे पक्कं माहीत असताना, नुरा कुस्ती बघायला जातात. वर तिथे चिडतात, रडतात, रिंगमध्ये कचरा फेकतात. मग ही माणसं नक्की कशावर चिडतात? आणि चार-पाच वर्षांनी एखादा जुना गडी परत आला की त्यांना एवढं भरून का येतं?

या लेखात तेवढंच समजून घेऊ. आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे मधे थोडी कंट्रोल सिस्टिम येईल. सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये, न्यूमेरिकल नाहीये.

आधी थोडी परिभाषा

प्रोफेशनल रेसलिंगमध्ये कोण जिंकणार, कोण कुणाला दगा देणार हे आधी ठरवलं जातं. याला 'बुकिंग' म्हणतात. सज्जन पैलवान म्हणजे 'फेस' आणि दुर्जन म्हणजे 'हील'. सज्जनाचा दुर्जन झाला, किंवा उलट झालं, की तो 'टर्न'. प्रेक्षकांच्या जल्लोषाला 'पॉप' म्हणतात आणि हुर्योला 'हीट'. हीलला हीट मिळाली म्हणजे त्याने काम चोख केलं. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावतीच होती की! तसंच हे.

हे सगळं खरंच आहे असं भासवत राहण्याचा जो जुना रिवाज आहे त्याला 'केफेब' म्हणतात. कित्येक दशकं पैलवानांनी तो कसोशीने पाळला. पण १९८९ साली त्या वेळच्या डब्ल्यू.डब्ल्यू.एफ.ने (डब्ल्यू.डब्ल्यू.ई. हे नाव २००२ मध्ये आलं) न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की हे मनोरंजन आहे, खऱ्या खेळांचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. म्हणजे गुपित फुटून तीन दशकांहून जास्त काळ लोटला. प्रेक्षक पळाले का? उलट नव्वदच्या दशकाच्या शेवटी या धंद्याची सगळ्यात मोठी तेजी आली.

कारण निकाल ठरलेला असला तरी सगळंच खोटं नसतं. पाठीवर आदळणं खरं असतं, फाटलेला स्नायू खरा असतो. आणि आणखी एक गोष्ट पूर्ण खरी असते, ती म्हणजे हॉलमध्ये बसलेल्या पंधरा-वीस हजार लोकांचा आवाज. तो कुणी लिहून दिलेला नसतो. माझं म्हणणं असं की हा जाणकार प्रेक्षक कुस्ती खरी की खोटी हे बघायला येतच नाही. कथेत न्याय होतोय का, हे बघायला तो येतो. आणि ते ठरवायचा हक्क आपला आहे, असं तो मानतो.

एकच माणूस, चार आवाज

उदाहरणच घ्यायचं तर हल्क होगनचं घ्या. ऐंशीच्या दशकात हा अमेरिकेतल्या पोरांचा हिरो. प्रार्थना करा, व्हिटॅमिन खा, असा उपदेश करणारा. २९ मार्च १९८७ ला रेसलमेनिया ३ मध्ये त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं तेव्हा स्टेडियम दणाणून गेलं. हा पहिला आवाज: साधा, सरळ पॉप.

दुसरा आवाज ७ जुलै १९९६ चा. होगन तेव्हा डब्ल्यू.सी.डब्ल्यू. या प्रतिस्पर्धी कंपनीत होता. स्कॉट हॉल आणि केविन नॅश हे दोन 'घुसखोर' कंपनीच्या तिघांशी लढत होते, आणि त्यांचा तिसरा साथीदार कोण हे गुपित होतं. होगन रिंगकडे धावत आला. लोकांना वाटलं, वाचवायला आला. त्याने सरळ आपल्याच बाजूच्या रँडी सॅव्हेजवर पाय आपटला. तिसरा माणूस तोच! क्षणभर लोकांना कळेना, आणि मग रिंगमध्ये पेले, बाटल्या, कचरा यांचा पाऊस पडला. होगन त्या कचऱ्यात उभा राहून भाषण करत होता. कथा ठरलेली होती, पण दहा-बारा वर्षं ज्याच्यावर जीव लावला त्याने पाठ फिरवल्याचा राग काही ठरवून आलेला नव्हता.

तिसरा आवाज सगळ्यात मजेशीर. १७ मार्च २००२, टोरांटो, रेसलमेनिया १८. नऊ वर्षांनी जुन्या कंपनीत परतलेला होगन विरुद्ध द रॉक. कथेनुसार होगन पक्का हील. महिनाभर आधी त्याने रॉक आत असलेल्या अँब्युलन्सला ट्रकची धडक दिली होती! याहून जास्त दुष्टपणा काय करायचा? पण सामना सुरू झाला आणि टोरांटोचे अडुसष्ट हजार प्रेक्षक होगनच्याच बाजूने ओरडायला लागले. हिरो असलेल्या रॉकला हुर्यो! दोघे कसलेले गडी होते. त्यांनी तिथल्या तिथे सूर बदलला. रॉक थोडा उद्दाम वागायला लागला आणि होगन जुन्या हिरोसारखा हात थरथरवत उठायला लागला. निकाल बदलला नाही, रॉकच जिंकला, पण दोघांच्या भूमिका मात्र रिंगमध्येच बदलल्या. त्याच रात्री होगनचा अधिकृत टर्न झाला आणि पाच आठवड्यांत, २१ एप्रिलला, तो चॅम्पियन झाला.

चौथा आवाज ६ जानेवारी २०२५ चा. 'रॉ' हा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर सुरू झाला तेव्हा लॉस एंजेलिसजवळच्या हॉलमध्ये होगन नुसतं चार शब्द बोलायला आला आणि त्याची सडकून हुर्यो उडाली. इथे कथा नव्हतीच. त्याचं जुनं वर्णद्वेषी बोलणं २०१५ साली बाहेर आलं होतं, २०२४ मध्ये तो राजकीय मंचावरही गेला होता. लोकांनी तो हिशेब चुकता केला. त्याच वर्षी २४ जुलैला होगन वारला.

माणूस एकच. १९९६ ची हुर्यो कथेला हवी होती, २००२ चा जल्लोष कथेच्या विरुद्ध होता, आणि २०२५ च्या हुर्योचा कथेशी संबंधच नव्हता. म्हणून टी.व्ही.वर नुसता गोंगाट ऐकून भागत नाही, तो कशाबद्दल आहे हे बघावं लागतं.

आता थोडी कंट्रोल सिस्टिम

लेखकांनी ठरवलेलं असतं की अमुक पैलवानाला पॉप मिळाला पाहिजे. हा झाला सेट पॉइंट. कथा आणि सामने हे अ‍ॅक्च्युएटर. हॉलमधला आवाज, तिकिटं आणि टी-शर्टांची विक्री, टी.व्ही.चे आकडे हे सेन्सर. हवा होता पॉप आणि आली हीट, की झाला एरर. मग कंट्रोलरने, म्हणजे कंपनीने, कथा दुरुस्त करायची. साधा क्लोज्ड लूप.

खरं तर इथे दोन लूप एकात एक आहेत, कॅस्केड कंट्रोलसारखे. आतला लूप वेगवान: रिंगमधले पैलवान आवाज ऐकून काही सेकंदांत वागणं बदलतात, जसं टोरांटोत झालं. बाहेरचा लूप संथ: लेखकांना कथा वळवायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि फीडबॅकमध्ये डिले वाढला की सिस्टिम अस्थिर होते, हे आपण सगळे ओरलला सांगून आलोय.

२०१४ साली नेमकं तेच झालं. डॅनियल ब्रायन नावाचा, अंगाने बेताचाच पण कुस्तीत अव्वल गडी. दोन्ही हातांची बोटं वर करून "येस! येस!" अशी त्याची घोषणा हॉलच्या हॉल देत होते. कथेत मात्र ऑगस्ट २०१३ पासून त्याच्या हातातोंडाशी आलेला घास सारखा काढून घेतला जात होता. तेवढ्यात २० जानेवारी २०१४ ला बतिस्ता जवळपास चार वर्षांनी परतला. स्वागत झकास झालं. सहाच दिवसांनी पिट्सबर्गमध्ये रॉयल रंबल होतं. (ठरावीक अंतराने एकेक करत तीस पैलवान रिंगमध्ये येतात, वरच्या दोरावरून फेकला गेला तो बाद, आणि शेवटी उरेल त्याला रेसलमेनियात चॅम्पियनशी लढायची संधी मिळते.) लोक शेवटपर्यंत ब्रायनची वाट बघत होते. तिसाव्या नंबरला आला रे मिस्टेरिओ. एरवी सगळ्यांचा लाडका, पण बिचाऱ्याचीही हुर्यो उडाली, कारण तो ब्रायन नव्हता. शेवटी जिंकला बतिस्ता, आणि विजेत्यावर जे काही बरसलं ते बघण्यासारखं होतं.

सहा दिवसांत बतिस्ताने असा काय गुन्हा केला होता? काहीच नाही. पण मेसच्या रांगेत तासभर उभं राहावं, आणि सुट्टीवरून आज आलेल्या कुणीतरी सरळ पुढे घुसून शेवटची पोळी उचलावी, तसं ते झालं. परत आलेल्या माणसाचं कौतुक असतं, पण त्याने रांग मोडलेली चालत नाही. कंपनी काही आठवडे अडून बसली. शेवटी ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायनने एकाच रात्री आधी ट्रिपल एचला आणि मग रँडी ऑर्टन व बतिस्ताला हरवलं. सत्तर हजारांच्या वर माणसं "येस!" करत होती.

दहा वर्षांनी हीच कथा पुन्हा घडली. १ जानेवारी २०२४ ला द रॉक परतला, लोक वेडे झाले. पण महिन्याभरात रेसलमेनियात रोमन रेन्सशी लढायची जागा कोडी रोड्सने रॉकला सोडून दिल्याचं दाखवलं. कोडीने ती जागा रंबल जिंकून मिळवली होती. आदल्या वर्षी तो रोमनकडून हरला होता, आणि त्याच्या वडिलांना, डस्टी रोड्सना, ही चॅम्पियनशिप कधीच मिळाली नव्हती. म्हणजे रांगेत दोन पिढ्या उभ्या! सगळीकडून "आम्हाला कोडी हवा" सुरू झालं. या वेळी मात्र कंट्रोलर शहाणा निघाला. २ फेब्रुवारीची चूक ८ फेब्रुवारीला दुरुस्त झाली, कोडीला जागा परत मिळाली. आणि रॉकला काय केलं? तोच राग वापरून त्याला हील केलं! ७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात कोडीने रोमनची १३१६ दिवसांची सद्दी संपवली.

सिग्नल म्हटला की नॉईजही आलाच. २००१ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनने समोरच्याच्या प्रत्येक वाक्यानंतर "व्हॉट?" विचारायची टूम काढली. ती लोकांनी अशी उचलली की पुढे वर्षानुवर्षं कुणीही बोलताना थांबला की हॉल "व्हॉट?" म्हणणारच. त्याचा कथेशी काही संबंध नाही. आपल्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून येणाऱ्या आवाजांसारखंच ते.

परत येणारा गडी

परतीच्या पॉपमागे बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते, ती म्हणजे शरीर. मे २००१ मध्ये ट्रिपल एचच्या मांडीचा स्नायू फाटला. तेव्हा तो हील होता, लोक त्याचा दुस्वास करायचे. ७ जानेवारी २००२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो परतला तेव्हा त्याच लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मधले साडेसात महिने त्याने खरंच सोसले होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जॉन सीनाचं तर आणखी भारी. ११ जून २००६ ला न्यूयॉर्कमध्येच त्याने प्रेक्षकांत फेकलेला टी-शर्ट लोक परत त्याच्याच अंगावर फेकत होते, आणि 'सीना जिंकला तर दंगल करू' अशा अर्थाचा फलक झळकत होता. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याच्या छातीचा स्नायू फाटला. बरेच महिने तो दिसणार नाही असं सांगितलं गेलं. २७ जानेवारी २००८ च्या रॉयल रंबलमध्ये, पुन्हा न्यूयॉर्कमध्येच, दहापासून उलटी मोजणी झाली, तिसाव्या नंबरचा भोंगा वाजला आणि सीनाचं संगीत सुरू झालं. एक क्षण लोकांचा विश्वासच बसला नाही. मग जो आवाज झाला तो आजही रंबलच्या आठवणी निघाल्या की आधी आठवतो. गंमत म्हणजे मिनिटभरात, भानावर आल्यावर, काहींनी त्याची पुन्हा हुर्योही सुरू केली!

एजने मानेच्या दुखापतीमुळे एप्रिल २०११ मध्ये निवृत्ती घेतली. डॉक्टरांनीच थांबवलं होतं. २६ जानेवारी २०२० ला ह्यूस्टनच्या रंबलमध्ये तो जवळपास नऊ वर्षांनी आला तेव्हा त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते. ते अश्रू कुणाच्या कथेत लिहिलेले नसावेत, एवढं नक्की वाटतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्ड खेळत वाढलेल्या पिढीला 'अंडरटेकर मरून परत आला' ही आवई आठवत असेल. (आपल्या तरुण सरांना विचारा, कार्डं अजून जपून ठेवलेली निघतील!) त्यामागेही खरी कथा आहे. जानेवारी १९९४ मध्ये त्याला शवपेटीत बंद करून 'संपवला', आणि २९ ऑगस्ट १९९४ ला चक्क दोन अंडरटेकर एकमेकांसमोर उभे केले. त्यातला तोतया होता ब्रायन ली. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमात अक्षयकुमार ज्या अंडरटेकरला लोळवतो, तोही हाच ब्रायन ली!

आणि आवाज प्रेक्षक कुठला यावरही ठरतो. एप्रिल २००६ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' होऊन आला आणि त्याने आल्या आल्या अंडरटेकरला आडवं केलं. तिकडे हुर्यो, आणि इकडे आपल्या हॉस्टेलांमध्ये जल्लोष. इनपुट तोच, आउटपुट उलटा.

खरं-खोटं मिसळतं तेव्हा

इथवर सगळं गमतीत चाललं. पण या खेळाची एक काळी बाजूही आहे. ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये चॅम्पियन ब्रेट हार्टला अंधारात ठेवून निकाल बदलला गेला. त्याने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहन यांनी घंटा वाजवायला लावली. ब्रेट रिंगमधून मॅकमहन यांच्या तोंडावर थुंकला. लोकांना हळूहळू कळलं की हे ठरलेलं नव्हतं, आणि तो राग कॅनडात वर्षानुवर्षं टिकला. ४ जानेवारी २०१० ला ब्रेट परतला आणि त्या रात्रीचा प्रतिस्पर्धी शॉन मायकल्स याला मिठी मारली, तेव्हा कुठे तो विषय थोडा निवळला.

त्याहून वाईट घडलं ते ब्रेटच्या धाकट्या भावाच्या बाबतीत. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. ओवेन हार्ट छतावरून दोराने उतरत असताना सुमारे ७८ फुटांवरून रिंगमध्ये कोसळला. हॉलमधल्या अनेकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टी.व्ही.वरच्या समालोचकाला मुद्दाम सांगावं लागलं की हे नाटक नाही. ओवेन वारला, वय ३४. हॉलमधल्या लोकांना ते सांगितलंच गेलं नाही, आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. ज्या लोकांच्या आवाजावर हा सगळा धंदा उभा आहे, त्यांना नेमकं कशावर ओरडायचं आणि कधी गप्प व्हायचं, हेच कळू दिलं गेलं नाही. हा डाग पुसला गेलेला नाही.

आणि आवाजच नसेल तर?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रेक्षक बंद झाले. लूप तुटला, सिस्टिम ओपन लूपवर आली. त्या वर्षीचं रेसलमेनिया रिकाम्या हॉलमध्ये झालं. नऊ वर्षांनी परतलेल्या एजचा रँडी ऑर्टनशी सामना तिथेच झाला, सुमारे ३६ मिनिटांचा. गडी तेच, कथा तीच, दुखणं खरं. पण ऐकू काय येत होतं, तर धापा आणि पावलांचे आवाज. सामना लांबला, आणि कुठे आवरायचं हे सांगणारं कुणीच नव्हतं. ऑगस्ट २०२० पासून रिंगभोवती स्क्रीन लावून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले, रेकॉर्ड केलेला गोंगाटही सोडला. काम चाललं, पण सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल दिल्यासारखं ते होतं. जुलै २०२१ मध्ये ह्यूस्टनला लोक नियमितपणे परतले तेव्हा नुसती घंटा वाजली तरी लोक ओरडत होते.

थोडक्यात सांगायचं तर पैलवानाला हुर्योची भीती नसते, भीती असते ती शांततेची. हुर्यो झाली की कथा वळवता येते, पण लोक गप्प बसले तर करिअर संपतं. म्हणूनच "खोटं असतं ते" म्हणणाऱ्याला एकच सुचवायचं: पुढच्या वेळी डोळे मिटून पाच मिनिटं नुसती गर्दी ऐकून बघ. कुणाला न्याय मिळाला आणि कुणी रांग मोडली, ते स्क्रीनकडे न बघताही कळेल.

फक्त रात्री अकरानंतर आवाज बेताचा ठेवा. आमच्या रेक्टरसाहेबांचा फीडबॅक लूप फारच वेगवान आहे, आणि त्यात डिले अजिबात नाही!